बालसखी आणि पालिका शाळेचा वर्ग : मुंबईतील एक प्रकरण अभ्यास

मुंबई महानगरपालिकेच्या शाळांमधील मुले अभ्यासात मागे का राहतात, या प्रश्नाला एक उत्तर वर्षानुवर्षे तयार असते. मुले वस्तीतली आहेत, आईवडील फारसे शिकलेले नाहीत, घरी अभ्यासाला जागा नाही आणि कोणी जवळ घेऊन बसणारेही नाही, असे ते उत्तर. शिक्षक ते देतात, अधिकारी देतात आणि ज्यांनी आपली मुले या शाळांत कधी घातली नाहीत ते मध्यमवर्गीयही देतात. त्यात तथ्य नाही असे कोणीच म्हणणार नाही. परंतु मुलाच्या मागे पडण्यातला किती वाटा घराचा आणि किती वाटा वर्गात चालणाऱ्या शिकवण्याचा, हे वेगळे काढून पाहण्याची संधी फार क्वचित मिळते, कारण गरीब घरची मुले आणि ठरावीक पद्धतीचा वर्ग या दोन गोष्टी आपल्याकडे जवळजवळ नेहमी एकत्रच आढळतात. 2001 ते 2003 या दोन शैक्षणिक वर्षांत मुंबईच्या पालिका शाळांत ही संधी मिळाली. मागे पडलेल्या मुलांना रोज काही वेळ वेगळे बसवून शिकवणाऱ्या ‘बालसखी’ या उपक्रमाची त्या काळात घेतली गेलेली परीक्षा हे या लेखाचे प्रकरण आहे.

शाळेत कोण होते

मुंबईची पालिका शाळा एकेकाळी बहुतांश कामकरी आणि निम्न मध्यमवर्गीय शहराची शाळा होती. गिरणगावात तर गिरणी कामगाराचे मूल, कारकुनाचे मूल आणि छोट्या दुकानदाराचे मूल एकाच बाकावर बसत असे. जानेवारी 1982 मध्ये डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या गिरणी संपानंतर हा पट विस्कटू लागला. अनेक कुटुंबे गावी परतली, काही उपनगरांत गेली आणि ज्यांना परवडू लागले त्यांनी मुलांना खाजगी, विशेषतः इंग्रजी माध्यमाच्या शाळांत घातले. नव्वदच्या दशकात पालिका शाळेत उरलेला विद्यार्थी प्रामुख्याने वस्तीतला होता. नाक्यावर उभे राहणारे मजूर, घरकाम करणाऱ्या बायका, फेरीवाले आणि लहान कारखान्यांत काम करणारे स्थलांतरित कामगार हे त्याचे पालक होते. 2011 च्या जनगणनेत मुंबईतील सुमारे 40 टक्क्यांहून अधिक कुटुंबे झोपडपट्टीत राहत असल्याचे दिसले. पालिका शाळेचा पट मुख्यतः याच मुंबईतून भरत होता.

या पटाचे आणखी एक वैशिष्ट्य म्हणजे त्याची भाषिक विविधता. पालिका मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, तमिळ, तेलुगू, कन्नड आणि इंग्रजी अशा आठ माध्यमांतून शिक्षण देते. एकाच इमारतीत वेगवेगळ्या मजल्यांवर वेगवेगळ्या माध्यमांच्या शाळा सकाळच्या आणि दुपारच्या पाळीत भरतात. माध्यम आणि घरची भाषा नेहमी जुळतेच असेही नाही. भोजपुरी किंवा अवधी बोलणाऱ्या घरातले मूल हिंदी माध्यमात बसते, तर बंजारा तांड्यावरून आलेल्या कुटुंबातले मूल मराठी माध्यमात. कुटुंब हंगामात गावी गेले, झोपडी तुटली किंवा भाड्याची खोली बदलली, तर मुलाची शाळाही मध्येच सुटते. हे सगळे खरे आहे आणि त्याचा शिकण्यावर परिणाम होतो, यात शंका नाही.

वर्गात काय चालले होते

पहिलीत दाखल होणाऱ्या मुलांचे प्रमाण या काळात चांगलेच वाढले होते. शाळेबाहेरच्या मुलांची संख्या कमी करण्यात सरकार, पालिका आणि संस्था यांना बरेच यश आले होते. मात्र मूल शाळेत आले म्हणजे शिकले, ही समजूत वर्गात गेल्यावर टिकत नव्हती. तिसरी-चौथीतली अनेक मुले जोडाक्षरावर अडखळत होती, काहींना बाराखडीच पक्की नव्हती आणि हातच्याची वजाबाकी तर पुष्कळांना येत नव्हती. बालसखीचा अभ्यास मुंबईसोबत बडोद्यातही झाला; तिथे त्यानिमित्ताने घेतलेल्या चाचणीत तिसरीच्या जेमतेम 20 टक्के मुलांना पहिलीच्या पातळीच्या गणिताच्या प्रश्नांची बरोबर उत्तरे देता आली. मुंबईची स्थिती थोडी बरी असली तरी समाधान वाटावे अशी नव्हती.

अशा वर्गात शिक्षकाने काय करावे, हा खरा पेच आहे. त्याच्या हातात तिसरीचे पाठ्यपुस्तक असते आणि ते ठरल्या महिन्यात ठरल्या धड्यापर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी असते. समोरच्या मुलांपैकी काहींना तो धडा समजतो आणि काहींना त्यातली अक्षरेही ओळखता येत नाहीत. शिक्षक साहजिकच ज्यांना समजते त्यांच्याशी बोलू लागतो. मागच्या बाकावरचे मूल फळ्यावरचे उतरवून घेते, वहीत अक्षरे सुबक दिसतात आणि ते मूल वाचू शकत नाही हे कित्येकदा वर्ष संपेपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही. शिक्षकाच्या कामचुकारपणाने ही स्थिती येते असे मानणे अन्यायाचे होईल. प्रामाणिकपणे अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्या बाईंच्या वर्गातही हेच घडते, कारण वर्गाची सारी मांडणीच पुस्तकाच्या वेगाने चालण्यासाठी केलेली असते.

बालसखी

मुंबईत 1995 मध्ये स्थापन झालेल्या ‘प्रथम’ या संस्थेने सुरुवात वस्त्यांमधल्या बालवाड्यांपासून केली. तिच्या संस्थापकांपैकी माधव चव्हाण हे रसायनशास्त्राचे अध्यापक होते आणि फरिदा लांबे समाजकार्याच्या क्षेत्रातल्या. पालिकेच्या शाळांत त्यांनी 1998 मध्ये बालसखी उपक्रम सुरू केला. बालसखी म्हणजे त्याच भागात राहणारी, शालेय शिक्षण पूर्ण केलेली तरुणी. तिला वर्षाच्या सुरुवातीला सुमारे दोन आठवड्यांचे प्रशिक्षण दिले जाई आणि पुढे वर्षभर मार्गदर्शन मिळत राही. मानधन महिन्याला 500 ते 750 रुपयांच्या आसपास, म्हणजे नियमित शिक्षकाच्या पगाराच्या तुलनेत अगदीच अल्प.

तिसरी किंवा चौथीच्या वर्गातली मागे पडलेली 15 ते 20 मुले वर्गशिक्षक निवडून देत. सुमारे चार तासांच्या शाळेपैकी दोन तास ही मुले बालसखीकडे बसत. बसायला जागा मिळेल तिथे: रिकामा वर्ग असेल तर तिथे, नसेल तर व्हरांड्यात किंवा मैदानाच्या कोपऱ्यात. ती त्यांना तिसरीचे पुस्तक शिकवत नसे. पहिली-दुसरीत यायला हवे होते ते वाचन, लेखन आणि अंकज्ञान ती पुन्हा पायापासून घेई. उरलेले दोन तास मुले आपल्या नेहमीच्या वर्गात परतत.

उपक्रम साधा होता, स्वस्त होता आणि लवकर वाढवता येण्याजोगा होता. बालसखी साधारण वर्षभर काम करून पुढे निघून जाई, तरी नवी मुलगी थोड्या दिवसांत तयार करता येत असे. पण त्याने खरोखर फरक पडतो का, हे केवळ उत्साहाने सांगता येणार नव्हते. मुले मोठी होतात तशी काही ना काही शिकतातच. मग त्यातले बालसखीमुळे किती?

परीक्षा कशी घेतली

हे तपासण्यासाठी अभिजित बॅनर्जी, शॉन कोल, एस्थर डफ्लो आणि ली लिंडेन या अर्थशास्त्रज्ञांनी ‘प्रथम’सोबत मुंबई आणि बडोदा या दोन शहरांत अभ्यास हाती घेतला. मुंबईत पालिकेच्या 70 हून अधिक शाळा त्यात होत्या आणि दोन्ही शहरे मिळून 15 हजारांवर मुले. कोणत्या शाळेत कोणत्या इयत्तेला बालसखी मिळणार, हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे यादृच्छिक पद्धतीने ठरवले गेले. प्रत्येक शाळेला एखाद्या इयत्तेसाठी बालसखी मिळत असल्याने कोणतीही शाळा पूर्णपणे वंचित राहिली नाही, आणि तरीही एका गटातल्या शाळेची तिसरी दुसऱ्या गटातल्या शाळेच्या तिसरीशी ताडून पाहता आली.

या मांडणीचे महत्त्व या प्रकरणासाठी फार मोठे आहे. सोडतीने वाटणी झाल्यामुळे बालसखी मिळालेल्या आणि न मिळालेल्या वर्गांतल्या मुलांची घरे सरासरीने सारखीच होती. तेच शहर, तशाच वस्त्या, तसेच पालक. पुढे गुणांत फरक दिसला तर तो घरच्या परिस्थितीमुळे आला असे म्हणायला जागा उरत नव्हती.

दोन्ही वर्षी अडथळे आलेच. बडोद्यात 2002 च्या दंगलींनी पहिल्या वर्षाचे काम विस्कळीत केले. मुंबईत दुसऱ्या वर्षी ठरलेल्या सर्व शाळांपर्यंत बालसखी पोहोचू शकल्या नाहीत. अभ्यासकांनी अशा शाळा हिशेबातून वगळल्या नाहीत. ज्या वर्गांना बालसखी मिळायची ठरली होती ते सगळे वर्ग एका बाजूला धरूनच तुलना केली. त्यामुळे मिळालेला परिणाम फुगवलेला नाही, झाला असेल तर थोडा कमीच दिसलेला आहे.

काय आढळले

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी बालसखी उपक्रमातल्या वर्गांचे सरासरी गुण तुलनेच्या वर्गांपेक्षा 0.28 प्रमाण विचलनाने (मुलांचे गुण सरासरीभोवती किती पसरले आहेत याचे हे माप) जास्त होते. पहिल्या वर्षी हा फरक याच्या निम्म्याच्या आसपास होता. हा आकडा समजायला सोपा करायचा तर असे म्हणता येईल की शंभर मुलांच्या रांगेत अगदी मधोमध उभे असलेले मूल साधारण अकरा जागा पुढे सरकले. गणितात सुधारणा भाषेपेक्षा जास्त होती. खर्च होता दर विद्यार्थ्यामागे वर्षाला सव्वादोन डॉलर, म्हणजे त्या काळी शंभर-सव्वाशे रुपये.

मात्र सरासरीपेक्षा तिच्या आत काय दडले आहे ते जास्त बोलके आहे. लाभ प्रामुख्याने तळाच्या मुलांना झाला. प्रत्यक्ष बालसखीकडे बसलेल्या मुलांपुरता हिशेब केला तर सुधारणा 0.6 प्रमाण विचलनाच्या घरात जाते. मुलांची हजेरी मात्र वाढली नाही आणि गळतीवरही परिणाम दिसला नाही. म्हणजे मुले आधी जेवढी शाळेत येत होती तेवढीच येत राहिली. त्या वेळात शिकू लागली, एवढाच बदल झाला.

जी मुले बालसखीकडे गेली नाहीत त्यांचे काय झाले, हा भाग मला या सबंध प्रकरणात सर्वांत विचार करायला लावणारा वाटतो. त्यांच्या वर्गातून रोज दोन तास 15 ते 20 मुले बाहेर जात होती. शिक्षक तोच होता, पट निम्म्याच्या जवळ आला होता आणि शिवाय मागे पडलेली मुले नसल्याने उरलेला वर्ग अधिक एकसारखा झाला होता. मोठा पट हीच अडचण असती, तर या मुलांचे गुण वाढायला हवे होते. ते वाढले नाहीत. विद्यार्थी-शिक्षक प्रमाणासंबंधीच्या आपल्या सगळ्या चर्चेने या निष्कर्षाकडे गांभीर्याने पाहायला हवे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिक वर्गांसाठी 30 मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण घालून दिले. दाटीवाटीचा वर्ग कोणालाच नको, आणि ते प्रमाण योग्यच आहे. परंतु त्याच कायद्यात शिक्षकाने संपूर्ण अभ्यासक्रम ठरलेल्या मुदतीत पूर्ण करावा असेही कर्तव्य सांगितले आहे. पट कमी केला आणि वेग पुस्तकाचाच ठेवला, तर तळाच्या मुलाच्या हाती काय लागणार?

घराचे काय

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. बालसखी कोण होती? त्याच वस्तीतली मुलगी. तिचे घर तेवढेच लहान, तिच्या आईवडिलांची परिस्थिती बहुधा तशीच, तिच्याकडे डी.एड. नव्हते आणि शिकवण्याचा अनुभवही नव्हता. मुलांच्या घरात काहीच बदलले नव्हते. वडील नाक्यावर जात होते, आई चार घरची भांडी घासत होती, संध्याकाळी अभ्यासाला जागा नव्हतीच. तरीही दोन तासांच्या वेगळ्या मांडणीने मूल वाचायला आणि हिशेब करायला लागले. ‘या घरातली मुले शिकूच शकत नाहीत’ हे विधान इथे टिकत नाही. पालिका शाळेतल्या मुलांच्या क्षमतेवर वर्षानुवर्षे जो अविश्वास दाखवला गेला, तो त्या मुलांवर लादलेला अन्याय होता.

तरी एक शंका प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. यश मुलाच्या पातळीवरून सुरुवात केल्यामुळे मिळाले, की शिकवणारी मुलगी मुलांच्याच वस्तीतली, त्यांची बोली समजणारी आणि त्यांना न हिणवणारी होती म्हणून मिळाले? लहान गटाचाही त्यात वाटा असेल. मुंबई-बडोद्याच्या आकड्यांतून ही कारणे पूर्णपणे विलग करता येत नाहीत. पुढे इतर राज्यांत झालेल्या अभ्यासांनी मात्र दिशा बरीच स्पष्ट केली. बिहारमध्ये 2008 च्या उन्हाळी शिबिरांत सरकारी शिक्षकांनीच मागे पडलेल्या मुलांना शिकवले तेव्हा मुले शिकली. त्याच राज्यात शाळेच्या नेहमीच्या दिवसांत शिक्षकांना केवळ प्रशिक्षण आणि साहित्य दिले तेव्हा फरक पडला नाही. हरियाणात दिवसातला एक तास मुलांना इयत्तेऐवजी पातळीप्रमाणे बसवण्यासाठी राखून ठेवला आणि त्यावर देखरेख ठेवली, तेव्हा सरकारी शिक्षकांच्या हातूनच मुलांचे वाचन सुधारले. म्हणजे वस्तीतल्या ताईचे आपलेपण मोलाचे असले तरी पालिकेच्या बाई आणि सर हेही हे काम करू शकतात. त्यासाठी वेळापत्रकात त्या कामाला हक्काची जागा हवी आणि तो तास पुस्तकासाठी वापरला जाणार नाही याची काळजी घेणारे कोणीतरी हवे.

निकालाच्या आकड्यांविषयी

पालिका शाळांची गुणवत्ता आज बहुधा दहावीच्या निकालावरून मोजली जाते, आणि इथे मोठी सावधगिरी हवी. 2019 मध्ये भाषा विषयांचे तोंडी परीक्षेचे गुण बंद झाले तेव्हा राज्याचा निकाल आधीच्या वर्षीच्या 89.41 टक्क्यांवरून 77.10 टक्क्यांवर आला. पालिका शाळांचा निकाल तर सुमारे 53 टक्क्यांपर्यंत घसरला. पुढच्या वर्षी ते गुण परत आले. राज्याचा निकाल 95.30 टक्के लागला आणि पालिका शाळांचा सुमारे 93 टक्के. एका वर्षात या मुलांची घरे बदलली नव्हती आणि शिक्षकही बदलले नव्हते. पण मोजण्याची पट्टी बदलली की सर्वांत जास्त हेलकावे पालिका शाळेच्या आकड्याला बसतात, कारण तिथली बरीच मुले उत्तीर्ण होण्याच्या रेषेच्या आसपास असतात. अशा आकड्यांवरून शाळा सुधारली किंवा बिघडली असे जाहीर करणे घाईचे आहे.

दुसरी सावधगिरी पटाच्या बदलत्या रचनेविषयी आहे. पालिकेने 2020 च्या सुमारास ‘मुंबई पब्लिक स्कूल’ हे नाव स्वीकारले आणि काही शाळांत केंद्रीय मंडळांचे अभ्यासक्रम सुरू केले. मराठी माध्यमाचा पट अनेक वर्षे घसरत होता, तर या नव्या शाळांत जागांपेक्षा अर्ज जास्त आले आणि सोडत काढावी लागली. खाजगी शाळेकडे वळलेली काही कुटुंबे परत आली, ही चांगलीच गोष्ट आहे. पण अर्ज भरण्यासाठी धावपळ करणारे पालक आणि जवळची शाळा म्हणून मूल घालणारे पालक यांच्यात फरक असतो. त्यामुळे नव्या शाळेचे गुण शेजारच्या मराठी किंवा उर्दू माध्यमाच्या शाळेपेक्षा चांगले आले, तरी त्यातले किती श्रेय शिकवण्याचे आणि किती बदललेल्या पटाचे, हे नुसत्या तुलनेने कळणार नाही. सोडतीत जागा मिळालेली मुले आणि अर्ज करूनही न मिळालेली मुले यांची वाचन आणि गणिताची साधी चाचणी घेतली, तर ते कळू शकेल. पालिकेकडे सोडतीच्या याद्या असतात. हे काम फार खर्चाचे नाही आणि ते व्हायला हवे.

पुढच्या वर्षी

बालसखी उपक्रमाचा एक निष्कर्ष त्याच्या यशाइतकाच ठळकपणे सांगायला हवा. उपक्रम संपल्यानंतर वर्षभराने मुलांची पुन्हा चाचणी घेतली तेव्हा आघाडी 0.10 प्रमाण विचलनापर्यंत खाली आली होती. ज्या मुलांना मुद्दाम शिकवले होते त्यांच्यात फरक अजून दिसत होता, पण बराचसा विरला होता. यावरून मेहनत वाया गेली असे म्हणणारे आहेत. मला कारण वेगळे दिसते. बालसखीकडून वाचायला शिकलेले मूल चौथी-पाचवीत गेले तेव्हा पुन्हा त्याच वेगाच्या वर्गात बसले. शब्द वाचता येऊ लागला होता, पण परिच्छेद वाचून अर्थ लावण्यापर्यंतचा पुढचा टप्पा त्याच्याकडून करून घेणारे कोणी नव्हते, आणि बेरीज-वजाबाकी जेमतेम पक्की होत होती तोवर भागाकार आणि अपूर्णांक येऊन ठेपले होते.

‘प्रथम’ने या अनुभवातून पातळीनुसार गट करून शिकवण्याची पद्धत पुढे विकसित केली आणि ती देशाच्या अनेक भागांत आणि आफ्रिकेतल्या काही देशांतही पोहोचली. महाराष्ट्रात 2015 मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमाने प्रत्येक मूल नेमके कोठे आहे हे पायाभूत चाचणीने शोधण्यावर भर दिला. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने आणि 2021 मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ने तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला वाचता यावे आणि साधे गणित यावे हे उद्दिष्ट ठेवले. तिसरीची ही रेषा योग्य आहे. मुंबईच्या पालिका शाळेत मात्र मूल पहिलीत येतेच असे नाही; ते चौथीत गावाहून येते, पाचवीत दुसऱ्या वस्तीतून येते, कधी माध्यम बदलून येते. तिसरीच्या पुढच्या प्रत्येक इयत्तेत, वर्षाच्या कोणत्याही महिन्यात दाखल झालेल्या मुलाची पातळी पहिल्याच आठवड्यात पाहणे आणि त्याप्रमाणे त्याला रोजचे दोन तास देणे, ही सोय इयत्ता सातवीपर्यंत वेळापत्रकात कायम असावी लागेल. त्यासाठी लागणारा खर्च आणि लागणारी माणसे यांचा अंदाज मुंबईकडे 2003 पासून आहे.